पाचवं कडवं

आमच्या घरात नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. बा मला ‘बाई’ म्हणायचा, मायला ‘अगं’ म्हणायचा, आणि माय त्याला काहीच म्हणायची नाही. ती भिंतीकडं तोंड करून बोलायची, ‘वाढलंय’, आणि ज्याला कळायचं त्याला ते बराबर कळायचं. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की रेशनच्या दुकानात कार्डावरचं नाव विचारलं की ती मला पुढं ढकलायची. बाचं नाव लिंबाजी. म्हणून दारातल्या लिंबाच्या झाडालासुद्धा ती जन्मभर ‘कडू झाड’ म्हणाली. त्या झाडाखाली बसली, त्याच्या काडीनं दात घासले, पण नाव नाही. मला हसू यायचं. आता माझी पन्नाशी उलटली, अंगणवाडीत दुसऱ्यांच्या लेकरांना अक्षरं शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि बाचं नाव मी हवं तितक्यांदा लिहू शकते. लिंबाजी. लिंबाजी. पण जिथं ते नाव असायला पाहिजे होतं, तिथून ते मीच काढलं. हे कुणाला सांगितलं नाही, म्हणून लिहिते.

आमचं गाव आखाडा बाळापूरच्या अलीकडं, मोठ्या रस्त्याला लागून. रस्त्याच्या कडेला खडी फोडायचं काम बा करायचा. दहा-बारा माणसं ओळीनं बसलेली, डोक्याला फडकी, पायाला गोणपाट गुंडाळलेलं, आणि दिवसभर हातोड्यांचा आवाज. लहानपणी मला तो आवाज बंद झाला की जाग यायची. बाळापूरच्या बाजाराच्या दिवशी काम नसायचं, त्या दिवशी मी हमखास लवकर उठायचे. बा त्या हातोड्याच्या ठेक्यावर गाणी करायचा. त्याला लिहिता येत नव्हतं, अंगठेबहाद्दर गडी, पण चार-चार, पाच-पाच कडव्यांची गाणी तो डोक्यात जुळवायचा आणि संध्याकाळी भाकरी होईस्तोवर मायला आणि मला म्हणून दाखवायचा. माय तव्यावरची भाकर उलटताना मान हलवायची. एखादी ओळ तिला पटली नाही तर ती भाकर जरा जोरात थापायची, आणि बा लगेच म्हणायचा, ‘बरं, बदलतो.’ अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, वर कच्चं तेल आणि ठेचा, आणि त्याच्या तोंडी लावायला बाचं नवं गाणं. एवढं सुख होतं. उगाच कुणी आमच्या गरिबीवर डोळे पुसू नयेत.

त्याची गाणी बायकांनी उचलली. निंदायला, कापूस वेचायला ह्या रानातून त्या रानात बायका जायच्या, तशी गाणी जायची, पार जवळा बाजारपर्यंत. गाणं कुणाचं हे मात्र हरवायचं नाही, कारण आमच्याकडं शेवटचं कडवं नावाचं असतं. गाणं करणारा त्यात स्वतःचं नाव गुंफतो. ते कडवं आलं की गाणारा कानाच्या पाळीला हात लावतो, आणि गाणं करणारा तिथंच बसलेला असला तर सगळे त्याच्याकडं वळून बघतात, तोही कानाला हात लावतो. बास, एवढाच मान. हार नाही, शाल नाही. आणि आमच्या घरापुरतं त्या कडव्याचं आणखी एक होतं. मी ते फार वर्षं बघत होते, पण मला कळलं नव्हतं. माय सगळं गाणं नुसती गुणगुणायची, ओठसुद्धा नीट उघडायची नाही. पण शेवटचं, नावाचं कडवं आलं की तिचा गळा मोकळा व्हायचा आणि ती मोठ्यानं म्हणायची, ‘लिंबाजी म्हणे...’ गाण्यात नाव घेतलेलं चालतं.

मी दहावी झाले आणि घरी बसले, त्याच सुमाराला भास्कर गावात परत आला. भास्कर आमच्याच वस्तीवरचा, शिकायला औरंगाबादला गेलेला. तिथल्या होस्टेलात त्यानं परदेशातल्या चिडलेल्या पोरांची गाणी ऐकली होती, आणि परत येताना डिग्रीच्या ऐवजी एक गिटार घेऊन आला. गावानं तिला आधी सतार म्हटलं, मग बेंजो म्हटलं, शेवटी ‘भास्करचं ते’ असं नाव पडलं. लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवणारा रफीक त्याला मिळाला, तांड्यावरचा एक जण कीबोर्डवर बसला, आणि गाणाऱ्यांत मी. भास्करनं बँडचं नाव ठेवलं ‘हाकारा’. तो म्हणायचा, ‘आपण कलापथक न्हाई, आपण रॉक बँड हाव.’ रफीक म्हणायचा, ‘रॉक कू खाते की पीते, ये तो बता पहले.’ माय कुरकुरली की पोरीची जात, लोकं काय म्हणतील. बानं एकच सांगितलं, ‘जाऊ दे तिला. पण बाई, गायचं तर बेंबीच्या देठापासून गायचं. तोंडातल्या तोंडात गायला देवळात म्हाताऱ्या हायेत.’

तेव्हा गायरानाचा झगडा चालू होता. गावाचं गायरान वस्तीवरची माणसं कसायला लागली होती, दगड वेचून वेचून जमीन केली होती, आणि सरपंचाला ते गायरान स्वतःच्या पाहुण्यांच्या नावानं करायचं होतं. भास्करची गाणी त्याच्यावर होती. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर स्पीकर लावून आम्ही तहसीलसमोर गायचो, कळमनुरीला, औंढ्याला, कुठं कुठं. गाणी म्हणजे काय, घोषणाच होत्या, फक्त गिटार लावलेल्या. लोक टाळ्या वाजवायचे, मुठी वर करायचे आणि घरी जायचे. एकदा मोर्चाहून टेम्पोत बसून परत येताना बायका आपसूक गायला लागल्या, आणि त्या बाचं गाणं गात होत्या. भास्कर टेम्पोच्या फळीला टेकून सगळं गाणं गप ऐकत होता. मग मला म्हणाला, ‘मंगल, आपली गाणी लोक ऐकतात आन् तिथंच टाकून जातात. ही गाणी घरी नेतात.’ मला उगाच राग आला, कारण मी त्याच्याच गाण्यांसाठी घसा फोडून राहिले होते. पण त्याचं खरं होतं.

तिथून त्याच्या डोक्यात कॅसेट शिरली. स्वतःचं एकही गाणं नाही. रानात, खडीवर, विहिरीच्या कामावर बसून ज्यांनी गाणी केली, त्यांची गाणी आपल्या गिटारवर, आपल्या ड्रमवर गायची. कॅसेटचं नावसुद्धा त्यानं ठरवून टाकलं, ‘दुसऱ्यांची गाणी’. लोक म्हणाले, वेडा झालाय, बँडची पहिली कॅसेट आणि त्यात दुसऱ्यांची गाणी. पण भास्कर एकदा हट्टाला पेटला की पेटला. गावोगाव हिंडून त्यानं गाणी गोळा केली. बाचं गाणं पहिलं धरलं होतं. सुरुवात अशी होती:

दगडाच्या खाली भुई निजली गं,
उठवाया तिला आलो आमी;
हातात घण आन् पाठीवर लेकरू,
घामाची आमच्या घ्या गं हमी.

भास्कर विचारायला घरी आला तोवर बाचा आवाज गेला होता. घशात गाठ झाली होती. आधी खडीची धूळ म्हणून काढे पिले, मग तंबाखू सोडली, मग पुन्हा धरली, आणि शेवटी नांदेडच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण गळ्याला भोक राहिलं आणि त्यातून नुसती हवा जायची. त्यावर मायनं जुन्या लुगड्याचं मऊ फडकं शिवून बांधलं. आमच्या घरातला हातोड्याचा आवाज गेला होताच, आता गाण्याचाही गेला. त्याची बाकीची गाणी मागं पडत गेली, बायकांच्या तोंडी हे एकच उरलं. बा बाजेवर बसून असायचा, शेजारी पितळी पेला आणि चमचा. पेल्यावर एकदा वाजवलं की मायला हाक, दोनदा वाजवलं की मला. भाकर उतरायची नाही, म्हणून माय त्याला ज्वारीच्या कण्या शिजवून द्यायची, पार खळ होईपर्यंत, आणि स्वतःही त्याच खायची. मी म्हणायचे, तू काहून कण्या खातीस, तुला काय झालंय. ती भिंतीकडं बघून म्हणायची, ‘मला आवडतेत.’ तिला कण्या कधीच आवडायच्या नाहीत.

भास्करनं बाजेच्या पायथ्याशी बसून विचारलं, ‘काका, तुमचं गाणं कॅसेटीत घेऊ का? मंगल गाईल.’ बानं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पेला उचलून असा वाजवायला लागला की माय चुलीपासून धावत आली. तिला वाटलं, काय झालं आता. काही झालं नव्हतं, माणूस खूश झाला होता. पुढचे पंधरा दिवस त्यानं माझ्याकडून गाणं घटवून घेतलं. त्याचंच गाणं, मी शंभरदा ऐकलेलं, तरी त्याचं समाधान होईना. मी गायचे, तो चमच्यानं ठेका धरायचा. चुकले की पेल्यावर हात ठेवून आवाज बंद करायचा, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. चौथं कडवं संपलं की तो दर वेळेला पाच बोटं वर करायचा. मी वैतागून म्हणायचे, ‘व्हय बा, म्हाईत हाय, पाचवं राहिलंय. मी काय विसरून राहिले का?’ तो हसायचा. त्या हसण्याला आवाज नव्हता, फडकं तेवढं हलायचं.

नांदेडला आम्ही एस.टी.नं गेलो. गिटार वाकळेत गुंडाळून रफीकच्या मांडीवर, ड्रम टपावर, आणि मायनं दिलेले धपाटे माझ्या पिशवीत. रेकॉर्डिंगची खोली एका दुकानाच्या मागं होती, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, आणि रेकॉर्डिंग चालू असलं की पंखा बंद. घामानं आम्ही चिंब. रेकॉर्डिंगवाला भला माणूस होता, पण घड्याळाचा गुलाम. कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची, त्याच्यापुढं काही नाही. बाचं गाणं पहिल्या बाजूला शेवटचं. आम्ही म्हणून दाखवलं, त्यानं वेळ धरला आणि काचेपलीकडून म्हणाला, ‘बाजू भरते आहे. एक कडवं काढावं लागेल.’ भास्कर म्हणाला, ‘गिटार कमी करू.’ ती कमी केली, तरी बसेना. दुसरी गाणी छोटी करा म्हटलं, तर ती दोन्ही बाजूंची आधीच रेकॉर्ड होऊन बसली होती. तेव्हा भास्कर माझ्याकडं वळला. ‘मंगल, गाणं तुमच्या घरचं हाय. तूच सांग कोणतं काढू.’

मी फार वेळ घेतला असता तर मला आज जरा बरं वाटलं असतं. पण मी वेळ घेतला नाही. पहिलं कडवं काढता येत नव्हतं. दुसरं-तिसरं एकमेकांत गुंतलेलं. चौथ्यात ती ओळ होती, चावडीतल्या खुर्चीखाली गायरान दडलंय, खुर्ची उचला आणि बघा. टेम्पोतल्या त्या दिवसापासून आम्ही मोर्चात बाचं गाणंही घ्यायचो; त्या ओळीला लोक उठून उभे राहायचे, आणि गाणारी मी असायचे. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आमच्या त्या झगड्यापुढं मला बाकी सगळं लहान वाटायचं, आणि खरं सांगायचं तर ती ओळ गाताना सगळे माझ्याकडं बघायचे, ते मला आवडायचं. मी म्हणाले, ‘पाचवं काढा. त्यात नुसतं नाव हाय. नाव तर कागदावर छापणारच ना.’ भास्कर म्हणाला, ‘बघ बरं.’ मी म्हणाले, ‘बघितलं.’ पंखा बंद झाला आणि मी गायले. असं गायले की रेकॉर्डिंगवाल्यानं काचेपलीकडून मान हलवली. परत येताना एस.टी.त धपाटे खाताना आम्ही सगळे हसत होतो.

कॅसेट महिनाभरानं आली. त्या रविवारी दुपारी रफीकनं टेप आणि मोठा स्पीकर आमच्या दारात कडू झाडाखाली मांडला. अख्खी वस्ती जमली. बायका वाकळा टाकून बसल्या, मायनं भाजलेले शेंगदाणे आणि गूळ सुपात घालून फिरवला, चहाचं पातेलं चुलीवरून उतरेना. बाला आम्ही बाज बाहेर काढून त्यावर बसवलं. त्यानं धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि गळ्याला नवं फडकं. गाणी सुरू झाली. आधीच्या गाण्यांत ज्यांची नावं आली, त्यांना बानं स्वतः कानाला हात लावून मान दिला. मग त्याचं गाणं लागलं. भास्करची गिटार, रफीकचा ड्रम, आणि माझा आवाज एवढा मोठा की रस्त्यावरचे ट्रकवाले थांबून बघायला लागले. बा चमच्यानं बाजेच्या लाकडावर ठेका देत होता. चौथं कडवं झालं, बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांची तोंडं बाच्याकडं वळली. बानं चमचा खाली ठेवला आणि कानाच्या पाळीला हात लावला. माय दारात उभी होती. तिनं पदर सारखा केला आणि गायला म्हणून तोंड उघडलं.

गिटार बारीक होत गेली. मग खट्ट करून टेप थांबला. बाजू संपली होती. बाचा हात कानालाच होता. रफीकनं घाईघाईनं कॅसेट उलटी केली, दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं सुरू झालं, आणि बाचा हात अजून कानालाच. मायचं तोंड उघडं तसंच राहिलं, मग तिनं ते मिटलं आणि ती आत चहा बघायला गेली. चहा बघण्यासारखं काही नव्हतं. मी कॅसेटीच्या डबीतला कागद काढला. देवाशपथ सांगते, त्या घडीपर्यंत मी तो वाचला नव्हता. प्रत्येक गाण्यापुढं ते करणाऱ्याचं नाव छापलं होतं, ज्याचं नाव गाण्यात ऐकू आलं त्याचं. कागद करणाऱ्यानं कॅसेट ऐकून नावं लिहिली होती. भास्करला वाटलं होतं की नावं मी देऊन आले, मला वाटलं होतं की तो देऊन आला. बाच्या गाण्यापुढं लिहिलं होतं, ‘पारंपरिक’. म्हणजे जुनं, कुणी केलं ते माहीत नाही असं. आणि बा पंधरा हातांवर जिवंत बसला होता.

दोनदा चमचा वाजला. मला हाक. मी गेले. त्यानं पाच बोटं वर केली आणि हात उलटा करून विचारलं, कुठं गेलं. तेव्हा मी जे केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी कागद त्याच्या पुढं धरला आणि त्या ‘पारंपरिक’वर बोट ठेवून म्हणाले, ‘बा, गाण्यात जागा पुरली न्हाई. म्हणून नाव हितं छापून घेतलं. हे बघ, लिंबाजी.’ त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. मग माझ्याकडं बघून दोन हातांनी लांबी दाखवली, एवढं मोठं? मी म्हणाले, ‘आडनाव पण हाय त्याच्यात.’ तो खुलला. इतका खुलला की मला पळून जावंसं वाटलं. त्यानं अंगठा त्या शब्दावर ठेवला आणि शेजारच्याला दाखवला, मग त्याच्या शेजारच्याला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी मान डोलावली. भास्करनं वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, ‘व्हय काका, बराबर छापलंय.’ त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तो गिटार उचलून गेला. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर बा पाच-सहा महिने जगला. तो कागद त्याच्या बंडीच्या खिशात असायचा. कुणी भेटायला आलं की बाहेर काढायचा, घडी उलगडायचा आणि अंगठा ठेवायचा. वस्तीवर वाचता येणारी माणसं मोजकी, पण एकानंही तोंड उघडलं नाही. मी कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी मला विचारलं नाही. एके दिवशी सरपंचही आला, हातात केळी घेऊन. ज्याच्या खुर्चीवर बानं कडवं केलं होतं, तोच. बानं त्याच्यापुढंही कागद धरला, जरा जास्तच ऐटीत. सरपंचानं चष्मा लावून वाचलं. मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी हात जोडले नाहीत, पण डोळ्यांनी ते केलं. तो म्हणाला, ‘व्हय की लिंबाजी. झळकलं की तुझं नाव.’ त्या माणसाशी आम्ही इतकं भांडलो, आणि त्या दिवशी माझा जीव त्याच्या हातात होता, आणि त्यानं तो सोडला. गायरानाचा झगडा पुढंही चालूच राहिला. पण मी त्याच्याविरुद्ध पुन्हा कधी मोकळ्या गळ्यानं गाऊ शकले नाही.

त्याच दिवसांत कधीतरी बानं चुलीतला कोळसा मागून घेतला. आम्हाला वाटलं, दात घासायला. संध्याकाळी मी पाणी भरून आले तर बाजेच्या वर, भिंतीच्या पांढऱ्या मातीवर, वाकडीतिकडी अक्षरं काढलेली. खाली कागद उलगडून ठेवलेला. जन्मभर अंगठा उठवलेला माणूस, बघून बघून, दिवसभर बसून त्यानं आपलं नाव लिहिलं होतं. पारंपरिक. ‘रि’ची वेलांटी उलटी पडली होती. त्यानं दोनदा चमचा वाजवून मला जवळ बोलावलं आणि भुवया उचलून विचारलं, बराबर हाय का. मी शाळेत गेलेली, घरातली एकटी. मी म्हणाले, ‘बराबर हाय, बा.’

मायनं त्या दुपारबद्दल खूप दिवस काही काढलं नाही. मग एकदा भाकरी थापताना, माझ्याकडं न बघता, म्हणाली, ‘पाचवं कडवं काढलं तुमी.’ मी म्हणाले, ‘जागा नव्हती माय. त्यात नुसतं नाव तर होतं.’ ती थापायची थांबली. म्हणाली, ‘मला त्येंचं नाव घ्यायला तेवढीच एक जागा होती.’ मग पुन्हा थापायला लागली. मी कितीदा म्हणाले, माय, तू कुठंही म्हण की ते कडवं, तुला कोण अडवून राहिलंय. पण कॅसेटीनं गाणं चारच कडव्यांचं करून टाकलं होतं. रानातल्या बायकासुद्धा महिन्या-दोन महिन्यांत चौथ्यावर थांबायला लागल्या. टेप तसा शिकवायचा. एकटीनं पुढं कसं गाणार. बा गेला त्या दिवशी बायका रडत होत्या, माय मात्र त्याच्या पायाशी बसून ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मी कान नेला जवळ. ती गात होती. नावाच्या ओळीला तिनं जीभ दाताखाली धरली. ती ओळ तिच्या तोंडून आली नाही.

‘हाकारा’ त्यानंतर वर्षभरही टिकला नाही. भास्करनं मला शब्द दिला होता, पुढच्या कॅसेटीत पाची कडवी घेऊ. पुढची कॅसेट झालीच नाही. रफीक लग्नांच्या बँडमध्ये परत गेला. भास्कर सरपंचाच्याच पक्षाकडून पंचायत समितीला उभा राहिला, निवडून आला, जाड झाला. रस्त्यात भेटला की गाडी थांबवून विचारतो, ‘मंगल, गातीस का अजून?’ मी म्हणते, गाते की, अंगणवाडीत, चिऊकाऊची. त्याच्यावर मला राग नाही. मीच गिळून बसले आहे, त्याला काय बोलू.

माझं लग्न झालं आणि माय पुढं बरीच वर्षं एकटी त्या घरात राहिली. दर दिवाळीला घर सारवायची, भिंतींना पांढरी माती द्यायची, आणि ती अक्षरं होती तेवढी वीतभर जागा तशीच सोडायची. चुलीच्या धुरानं ती जागा काळपट होत गेली, भोवतीची भिंत पांढरी. माझी पोरगी दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. नुकतंच वाचायला शिकलेली, दिसेल ते मोठ्यानं वाचायची, दुकानांच्या पाट्या, एस.टी.चे बोर्ड, गोळ्यांचे कागद. दिवाळीला आम्ही मायकडं गेलो. माय खाली बसून लसूण सोलत होती. पोरगी बाजेवर चढली आणि एक-एक अक्षर जोडत वाचायला लागली, ‘पा... रं... प...’ मग माझ्याकडं वळून म्हणाली, ‘आई, हितं पारंपरिक काहून लिहिलंय?’ मायचे हात थांबले. तिला कमी ऐकू यायला लागलं होतं. तिनं विचारलं, ‘काय म्हणली गं?’

मी म्हणाले, ‘लिंबाजी म्हणली, माय.’

मायनं पदर डोक्यावर घेतला, हळूच, नव्या नवरीनं घ्यावा तसा. तिचा चेहरा असा झाला की मी मान वळवली. पोरगी माझ्याकडं बघत होती. पुन्हा विचारलं नाही तिनं.

माय गेली. नंतर रस्ता रुंद झाला, त्यात आमचं दार, ते झाड आणि ती भिंत गेली. ज्या रस्त्याची खडी बानं फोडली होती, तोच रस्ता. मागच्या महिन्यात बाळापूरला एका सभेत कॉलेजच्या पोरी गिटारवर गात होत्या, छान गात होत्या, आणि निवेदन करणारी म्हणाली, आता आपल्या भागातलं एक पारंपरिक गीत. चार कडवी झाली आणि त्या थांबल्या. मी खुर्चीतून उठले आणि पाचवं म्हणायला लागले. आवाज फाटका झालाय माझा, तरी म्हणाले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यातली एक पोरगी जवळ आली आणि फार मायेनं म्हणाली, ‘मावशी, असं कडवं न्हाई त्याच्यात.’

आहे. इथं कुणी वेळ मोजत नाही, बाजू भरत नाही, म्हणून लिहून ठेवते. वाचणाऱ्यानं एकदा मोठ्यानं म्हणावं, आणि नाव आलं की कानाला हात लावावा.

खडी फोडता जल्म सरला गं,
खडीचा झाला रस्ता काळा;
लिंबाजी म्हणे, मी ऱ्हायलो मागं,
रस्त्यानं माझा जाऊ द्या गळा.